गेटला कुलूप दिसू नये म्हणून

इंग्लंडमध्ये खालच्या लीगचे सामने बघत मैदानं पालथी घालायची, तर फुटबॉलची जाण थोडी कमी असली तरी निभावतं. रेल्वेचं वेळापत्रक, पावसाचा अंदाज आणि कप स्पर्धांचा घोळ मात्र कळलाच पाहिजे. दोन-अडीच तास प्रवास करून मैदानापाशी पोचायचं आणि गेटला कुलूप. कुंपणाच्या फटीतून दिसतं, आत एक माणूस फावडं हातात घेऊन चिखलाकडे बघत उभा आहे. या छंदातलं हे सगळ्यात नेहमीचं अपयश. इथे लिहिलेलं बरंचसं ते टाळण्याबद्दल आहे. सामना कसा बघायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आधी उतरंड समजून घेऊ. वरच्या चार पातळ्यांत मिळून ९२ क्लब. ही ९२ मैदानं पूर्ण करणाऱ्यांचा एक ‘नाइन्टी-टू क्लब’ १९७८ पासून आहे, पण तो खर्चिक उद्योग, आणि मोठ्या क्लबांच्या तिकिटांसाठी ताटकळावं लागतं ते वेगळंच. त्याखाली नॉन-लीग सुरू होते. इथे नवख्यांची हमखास गल्लत होते ती आकड्यांची. नॉन-लीगमध्ये पातळीला ‘स्टेप’ म्हणतात आणि स्टेप १ म्हणजे एकूण उतरंडीतली पाचवी पायरी. स्टेप १ वर २४ क्लबांची एकच नॅशनल लीग, स्टेप २ वर उत्तर-दक्षिण असे दोन गट, स्टेप ३ वर चार, स्टेप ४ वर आठ, स्टेप ५ वर सोळा. खाली जाल तसे गट प्रदेशानुसार लहान होत जातात, म्हणजे पाहुणा संघ जवळून येतो. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे पावसाच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

आमची पसंती स्टेप ३ ते ५. त्याच्या वर गेलं की स्ट्युअर्ड, वेगळी दारं, ठरलेली सीट. स्टेप ६ च्या खाली गेलं की पुष्कळ ठिकाणी सार्वजनिक बागेतलं मैदान, ना कुंपण ना छप्पर. मधल्या पट्ट्यात मात्र प्रत्येक मैदानाला स्वतःचा चेहरा असतो: पत्र्याची शेड, लाकडी बाकांचा स्टँड, एका गोलमागे मातीचा उंचवटा, दुसऱ्या गोलमागे कुणाचं तरी परसदार.

वेळ बहुतेक ठरलेली. शनिवारी दुपारी ३, मधल्या वारी (सहसा मंगळवारी) संध्याकाळी ७.४५. शनिवारी २.४५ ते ५.१५ या वेळात ब्रिटनमध्ये टीव्हीवर फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करायला बंदी आहे. लोकांनी घरात न बसता गावच्या मैदानावर जावं हाच त्यामागचा हेतू.

वेळापत्रक जुलैत जाहीर होतं आणि तिथेच पहिला सापळा असतो. जुलैत निवडलेला सप्टेंबरचा सामना जसाच्या तसा होईल असं धरून चालू नका. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टमध्येच सुरू होतात, शिवाय स्टेप १ ते ४ साठी एफए ट्रॉफी आणि ५-६ साठी एफए व्हाझ हे आणखी दोन कप. लीगच्या सामन्यातल्या दोघांपैकी एक जरी क्लब त्या शनिवारी कपात अडकला असेल, तरी लीगचा सामना पुढच्या कुठल्या तरी मंगळवारवर ढकलला जातो. कपचा ड्रॉ, म्हणजे पुढच्या फेरीत कोण कुणाशी खेळणार याची सोडत, सहसा सोमवारी निघतो. म्हणून शरद ऋतूत आम्ही सोमवार संध्याकाळच्या आत शनिवार ठरवत नाही. स्वस्त मिळतंय म्हणून महिनाभर आधी रेल्वेचं तिकीट काढणाऱ्यांची फजिती बहुधा इथेच होते.

दुसरा सापळा पत्त्याचा. क्लबाच्या नावात गाव आहे म्हणजे मैदान त्या गावात आहे असं नाही. १८५७ साली स्थापन झालेला, जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब म्हणून मान असलेला शेफील्ड एफसी २००१ पासून शेफील्डमध्ये खेळतच नाही. त्याचं मैदान शेजारच्या डर्बीशायरमधल्या ड्रॉनफील्डला, कोच अँड हॉर्सेस नावाच्या पबला लागून आहे. शेफील्डच्या मुख्य स्टेशनवर उतरून चालत निघालात तर चुकलात. पुढची लोकल धरून ड्रॉनफील्डलाच उतरायचं. काही क्लबांना स्वतःचं मैदानच नसतं, ते दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळतात. त्यामुळे नकाशात क्लबाचं नाव टाकायचं नाही. क्लबाच्या संकेतस्थळावरून या हंगामाचा पोस्टकोड घ्यायचा आणि तोच टाकायचा.

आता पाऊस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा कसोटीचा काळ. खालच्या लीगमधल्या गवताच्या मैदानाखाली वरच्या क्लबांसारखी निचऱ्याची महागडी सोय नसते, आणि तेच मैदान त्यांचा ज्युनिअर आणि महिला संघही वापरत असतो. आदल्या रात्री पडून गेलेल्या पावसाची आम्हाला एवढी भीती वाटत नाही. सकाळी दहापासून धरलेली झड वाईट. आधी जातो तो गोलपोस्टसमोरचा सहा यार्डांचा चौकोन, मग राखीव खेळाडूंच्या बेंचसमोरची, लाइन्समन धावतो ती पट्टी. तिथलं गवत ऑक्टोबरमध्येच झिजलेलं असतं. पंच मैदान तपासायला येतो तो पहिल्यांदा तिथेच उभा राहतो. कमरेच्या उंचीवरून बॉल सोडतो, मग सपाट ढकलून बघतो. बॉल उसळण्याऐवजी थपकन बसला आणि ढकलल्यावर पाण्याची रेघ ओढत दोन यार्डांत थांबला, की निकाल लागला.

थंडीचं गणित वेगळं. पाणी नसतं, पण जमीन गोठलेली असते आणि बुटाचे स्टड आत जात नाहीत. दुपारी ऊन पडलं की बाकी मैदान मऊ होतं, पण मुख्य स्टँडच्या सावलीतली एक लांबट पट्टी दगडासारखीच राहते. पंचाने टाच मारून बघितली आणि आवाज आला, तर त्या एका पट्टीपायी अख्खा सामना रद्द. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि सामना नाही. नव्या माणसाला हे पटतच नाही.

तपासणी कधी होते ते पाहुण्या संघाची बस कधी निघते त्यावर ठरतं. पाहुणे लांबून येणार असतील तर त्यांची खेप फुकट जाऊ नये म्हणून जवळपास राहणाऱ्या एखाद्या पंचाला सकाळी नऊ-दहालाच बोलावतात. पाहुणे शेजारच्या गावातले असतील तर निर्णय एक वाजेपर्यंत लांबतो, कारण त्यांना घाई नसते. प्रवासी प्रेक्षकासाठी याचा अर्थ असा की हिवाळ्यात लांबच्या पाहुण्यांचा सामना निवडावा. रद्द व्हायचाच असेल तर तुम्ही घरी चहा घेत असतानाच कळेल. स्थानिक डर्बीला, म्हणजे शेजाऱ्यांच्या लढतीला, गर्दी छान होते, पण जानेवारीत ती धोक्याची.

बातमी सर्वात आधी क्लबाच्या एक्स किंवा फेसबुक पानावर येते, लीगच्या पानावर उशिरा. स्कोअरच्या अ‍ॅपवर तर रद्द झालेला सामना ३ वाजून गेल्यावरही ‘सुरू होणार’ असा झळकत असतो. अ‍ॅपवर विसंबू नका. शंका असली तर क्लबहाउसला फोन करावा. उचलणारी व्यक्ती बहुतेक वेळा बारची किंवा किचनची असते, आणि तिला मैदानाची बातमी चिटणिसाइतकीच असते.

यावरचा तोडगा म्हणजे पर्यायी सामना. शनिवारी दोन सामने डोक्यात ठेवायचे, एक गवतावरचा आणि एक थ्री-जी म्हणजे कृत्रिम टर्फवरचा, आणि दोन्हींचे रस्ते ज्या स्टेशनवर फुटतात तिथे दीडच्या आत पोचायचं. स्लाव टाउनचं आर्बर पार्क (२०१६) आणि मेडस्टोन युनायटेडचं गॅलघर स्टेडियम (२०१२) ही या कामी नेहमी उपयोगी पडणारी. स्लाव, रेडिंग, हॅरो या बाजूला मराठी घरं बरीच आहेत. त्यांना आर्बर पार्क सुरुवातीसाठी सोपं. टर्फही बर्फात किंवा कडक गोठणीत बंद पडतं, पण क्वचित. मग सगळेच टर्फ का घालत नाहीत? खर्च आहेच, शिवाय नॅशनल लीगपर्यंत त्याला परवानगी असली तरी वरच्या ९२ मध्ये नाही. सटन युनायटेड २०२१ मध्ये वर चढला तेव्हा त्याला चांगलं चालू टर्फ उखडून गवत लावावं लागलं.

रेल्वेचं तिकीट याच हिशेबाने काढायचं. ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट स्वस्त दिसतं, पण ते ठरलेल्या गाडीचं असतं आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. सामना रद्द झाला की ते पाण्यात. ‘ऑफ-पीक डे रिटर्न’ थोडं महाग, पण दिवसभरात बहुतेक कुठल्याही गाडीने जाता येतं, सामना लांबला तरी चिंता नाही. अजिबात वापरलं नाही तर पैसे परत मिळतात का, हे मात्र काढतानाच बघून घ्यावं. गवताच्या मैदानासाठी हिवाळ्यात कायम ऑफ-पीक. एप्रिल-ऑगस्टमध्ये किंवा टर्फसाठी अ‍ॅडव्हान्स चालेल. रेलकार्ड वर्षाला ३५ पौंड, भाड्यात एक तृतीयांश सूट. दर पंधरवड्याला बाहेर पडणाऱ्याचे पैसे दोन-तीन महिन्यांत वसूल. दोघं कायम जोडीने जात असाल तर ‘टू टुगेदर’ घ्या, दोघांत मिळून एकच कार्ड. तिघं ते नऊ जण असाल तर अनेक कंपन्यांच्या गाड्यांना कार्डाशिवायच ‘ग्रुपसेव्ह’ मिळतं.

शनिवार-रविवार रुळांची कामं चालतात आणि गाडीऐवजी बस येते. तिकीट तेच, वेळ मात्र कधी कधी दुप्पट. शुक्रवारी रात्री पुन्हा एकदा बघायचं, कारण आठवडाभर आधी दिसलेली गाडी तेव्हा गायब झालेली असू शकते. आणि २६ डिसेंबर! त्या दिवशी डर्बी सामन्यांची परंपरा आहे, बहुतेक मैदानं गजबजलेली असतात, आणि रेल्वे देशभर जवळजवळ पूर्ण बंद. बस नाममात्र. त्या दिवशी पायी गाठता येईल असं मैदान शिल्लक ठेवायचं. सामने दुपारी १ ला ठेवण्याचीही पद्धत आहे, तेव्हा तीनला पोचून हात हलवत परतू नका.

स्टेशनपासून मैदान सहसा मैल-दीड मैल. गावाच्या मध्यावरची जुनी मैदानं घरबांधणीसाठी विकली गेली आणि नवी औद्योगिक वसाहतीच्या टोकाला गेली, त्यामुळे फुटपाथ अर्ध्यावर संपणं नेहमीचं. नकाशा बंद पडला तर मान वर करून फ्लडलाइटचे खांब शोधावेत. चार-सहा बारीक खांब फुटबॉलचे; बुटके, दाट आणि जाळीवाले असतील तर ते टेनिस किंवा हॉकीचे.

सव्वादोनपर्यंत गेटवर पोचायचं. स्टेप ५ ला साधारण ७ ते १० पौंड, स्टेप ३ ला १२ ते १५. विद्यार्थी आणि ज्येष्ठांना कमी. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण यंत्राला रेंज नसते म्हणून २० पौंड रोख खिशात असावेत. छापील कार्यक्रमपत्रिका, म्हणजे प्रोग्रॅम, अनेक क्लबांनी बंद केली आहे; जिथे आहे तिथे थोड्याच प्रती असतात आणि अडीचपर्यंत संपतात. संघाची यादी क्लबहाउसच्या दाराशी पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिलेली असते. तिचा फोटो आधी काढून ठेवा. पाठीवर नाव नसतं, नुसता नंबर, आणि कर्ण्यावरून सांगितलेलं नाव वाऱ्यात उडून जातं. गेटजवळ कुणी ‘गोल्डन गोल’चं तिकीट विकत असेल तर पौंडभर खर्च करायला हरकत नाही, घडी उलगडली की आत एक मिनिट छापलेलं असतं, पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस.

आत शिरल्यावर कोल्हापूरकराला थोडं चुकल्यासारखं होईल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची लढत बघितलेल्या माणसाला इथे प्रेक्षक मोजता येतात. पण त्या दीड-दोनशे माणसांत जो मोकळेपणा आहे तो मोठ्या मैदानावर मिळत नाही. दोन्ही बाजूंचे समर्थक एकत्र उभे. आपला संघ ज्या गोलावर हल्ला करणार त्यामागे पहिला हाफ उभं राहायचं, मध्यंतरात सगळे चालत दुसऱ्या टोकाला. १९८५ च्या कायद्यामुळे वरच्या पाच पातळ्यांवर मैदान दिसेल अशा जागी बिअर पिता येत नाही. त्याखाली लीगच्या सामन्याला प्लास्टिकच्या ग्लासात घेऊन कठड्याला टेकता येतं. काचेचा ग्लास बाहेर आणला तर मात्र कुणीतरी ओरडणारच.

तुम्ही कुठल्याच बाजूचे नसाल, तर पहिला हाफ गोलपोस्टच्या मागे न उभं राहता बेंचच्या समोरच्या बाजूला, मधल्या रेषेपासून दहा पावलं सरकून उभे राहा. लोखंडी कठडा आणि बाजूची रेघ यांत दोन-तीन पावलांचं अंतर. गोलरक्षक पूर्ण वेळ ओरडत असतो आणि बचावफळी त्याचं किती ऐकते ते स्पष्ट कळतं. ओला बॉल डोक्याने मारला की तुषार उडतो तो उजेडात दिसतो, आणि टॅकलचा आवाज आधी ऐकू येतो, शिट्टी नंतर. बॉल कुंपणापलीकडे गेला तर सुटा बॉल आत येतो आणि एखादा पोरगा शिडी घेऊन परसात उतरतो. दर सामन्याला दोन-तीनदा हे होतं.

थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. काँक्रीटच्या पायरीवर दोन तास उभं राहिलं की जाड मोज्यातूनही पाय बधिर होतात. उपाय साधा: पुठ्ठ्याचा तुकडा किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र पायाखाली घ्यायचं. जुनी मंडळी घेतातच. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो आणि तीनच्या सुमारास नैऋत्येला अगदी खाली असतो. तेव्हा पूर्वेच्या स्टँडमध्ये बसलात तर पहिला हाफ डोळ्यांवर हात धरून बघावा लागेल.

खाण्याचं. मध्यंतराला जाऊ नका, पंधरा मिनिटं रांगेतच जातात. चाळिसाव्या मिनिटाला सटका. शाकाहारी माणसाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बोव्हरिल नावाचं काळसर गरम पेय कोऱ्या चहासारखं दिसतं, पण तो बीफचा अर्क असतो. आणि यॉर्कशायरकडे चिप्स बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, ‘कशात तळता?’ एवढं विचारलं की प्रामाणिक उत्तर मिळतं. चीज-अनियन पेस्ट्री आणि कडक चहा बहुतेक ठिकाणी मिळतो.

कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर दोन नावं. लंडनहून सोपं म्हणजे लुइस. तिथल्या मैदानाचं नाव ‘ड्रिपिंग पॅन’, स्टेशनपासून पाच मिनिटं. कढईसारखं खोलगट, कडेने गवताचे बांध, मागे साउथ डाउन्सच्या टेकड्या. क्लब समर्थकांच्या मालकीचा. २०१७ पासून पुरुष आणि महिला संघांना सारखंच बजेट देण्याचा निर्णय त्यांनी घेतला. दुसरं शेफील्डच्या क्रॉसपूलमधलं सँडीगेट, हॅलम एफसीचं. १८०४ पासून खेळासाठी वापरात असलेली ही जागा सर्वात जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेसमध्ये नोंदलेली आहे. २६ डिसेंबर १८६० ला शेफील्ड आणि हॅलम इथेच खेळले. मैदानाला डोळ्यांनी दिसेल एवढा उतार आहे. उतारावरून खाली खेळणारा संघ लांब पास देतो आणि बॉल त्याच्याच पुढे निघून जातो.

मंगळवारच्या सामन्याला परतीचा हिशेब आधी करायचा. ७.४५ ला सुरू, ४५ अधिक १५ अधिक ४५, वर दुखापतीची मिनिटं: शिट्टी ९.४० ला धरा. स्टेशन मैलभर असेल तर दहाच्या आधीची गाडी मिळत नाही. कपचा सामना पेनल्टींवर गेला तर आणखी पंधरा मिनिटं. शेवटच्या गाडीआधीची एक गाडी हाताशी नसेल तर त्या मैदानाला शनिवारीच जावं.

नोंदीसाठी फुटबॉलॉजी अ‍ॅप बरं, वहीसुद्धा बरी. पूर्ण नव्वद मिनिटं बघितली तरच मैदान ‘झालं’ असं बहुतेक जण मानतात. फ्लडलाइट गेले आणि सामना सोडून दिला तर ते मोजायचं की नाही यावर माणसं अर्धा तास वाद घालू शकतात. आमच्या वहीत तिथे पेन्सिलीने खूण असते, शाईने नाही.

यादीतला क्रम मात्र अंतरावरून लावू नका. जिथे मैदानाच्या जागी घरं बांधायची परवानगी मिळाली आहे, भाडेकरार संपत आला आहे, जमीनमालकाशी वाद चालू आहे, ती मैदानं आधी. मार्च २०१८ मध्ये लंडनच्या डलिच हॅम्लेट क्लबाला त्यांच्याच चॅम्पियन हिल मैदानातून बाहेर पडावं लागलं. हंगामाचे उरलेले सामने ते टूटिंग अँड मिचमच्या मैदानावर खेळले आणि डिसेंबरमध्ये परत आले. सगळेच परत येत नाहीत. स्थानिक पालिकेच्या संकेतस्थळावर बांधकाम अर्जांत क्लबाच्या मैदानाचं नाव टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. जुलैत वेळापत्रक हातात आलं की आम्ही पहिलं ते करतो.